मी न मांडलेला ठराव

“मावशी, तुम्ही चहा आणा.”

भर वर्गात सर म्हणाले. हसत हसत म्हणाले. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाचा तास होता. कंपनी कायदा. त्या दिवशी सरांनी वर्गातच कंपनीची सभा भरवली होती. वकिलाचा मुलगा अध्यक्ष. डॉक्टरची मुलगी सेक्रेटरी. पुढच्या दोन बाकांवरचे संचालक. मी शेहेचाळीस वर्षांची, शेवटच्या बाकावरची, गुडघे धरून उठणारी. माझ्या वाट्याला चहा.

“आणि चहा झाला की सभासद व्हा. मी पेन वाजवलं की हात वर करायचा. बाकी सभासदाला काही काम नसतं.”

वर्ग हसला. मीही हसले. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसले. नसलेल्या कपात नसलेला चहा ओतला आणि “साखर कमी टाकली साहेब” असंही म्हणाले. लग्नाकार्यात बायका मला नकला करायला लावतात, ती सवय. अपमान झालाय हे कळायला मला वेळ लागतो. घरी मला ट्यूबलाइट म्हणतात ते उगाच नाही.

सेलूजवळच्या आमच्या गावात आम्ही बायकांनी तुरीची डाळमिल काढली होती. रीतसर कंपनी. प्रत्येक बाई सभासद, प्रत्येकीला एक मत. कागदपत्रं मॅनेजर बघायचा. “परभणीचे सल्लागार साहेब करून देतेत,” म्हणायचा. साहेब आम्ही कधी पाहिला नाही. डाळ चांगली निघत होती, साहेबाचं तोंड बघून काय करायचं होतं?

पुढं लेक सासरी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा मी परभणीला लॉला नाव घातलं. आमचे मालक म्हणाले, “भांडायला तुला डिग्री कशाला पायजे?”

दुसऱ्या वर्षी एक दिवस मिलला परकं कुलूप दिसलं. कोण्या व्यापाऱ्याचं. मॅनेजर म्हणाला, “वहिनी, तुमीच तर ठराव केलाय. मिल पंधरा वर्साला भाड्यानं दिली.”

“कवा केला?”

“सभंत.”

“कोणत्या सभंत?”

“ते कागद साहेबाकडं हायेत.”

मिलचं मशीन चालवायची ती सोजरबाई. मोटरच्या आवाजावरून पट्टा कुठं सैल झालाय ते सांगणारी. ती कुलपाकडं बघत मला म्हणाली, “तू वकील व्हायलीस ना? इचार की तुझ्या सराला.”

विचारलं. मिलचं नाव काढलं नाही, साधा प्रश्न केला. “सर, सभेत काय ठरलं ती वही सभासदाला बघायला मागता येते का?”

“मावशी, ते परीक्षेला येत नाही.”

मी वहीत लिहून घेतलं. परीक्षेला येत नाही. खाली रेघ मारली. माझा सरांवर तेवढा विश्वास. ॲडमिशनचा फॉर्म भरून देणारे तेच. सगळे हसत असताना “शिका हो मावशी” म्हणणारे तेच. गुरुपौर्णिमेला मी त्यांना आमच्या मिलची डाळ नेऊन दिली होती, घरची म्हणून. “लवकर शिजते,” म्हणाले होते. पण दोन वर्षांत त्यांनी माझं नाव विचारलं नव्हतं. हजेरी नंबरावर. एरवी मावशी.

तर, चहा झाला. सरांनी झेरॉक्स वाटल्या.

“हा खरा ठराव आहे. मी स्वतः तयार केलेला. सभेचं इतिवृत्त कसं लिहितात ते यावरून शिका. एक कॉमा चुकलेला दाखवा, पार्टी देतो.”

कंपनीच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. बायकांची नावं झाकायची कोणाला गरज वाटली नव्हती. डॉक्टरची मुलगी वाचायला लागली. डाळमिल. पंधरा वर्षांचा करार. ठराव मांडणारी, सूचक म्हणून, माझं नाव. पुढं मालकांचं. पुढं आडनाव. अनुमोदन सोजरबाईचं. सर्व सभासद हजर. सर्वानुमते मंजूर.

मी तारीख बघितली. त्या दिवशी मी याच वर्गात होते. चाचणी होती. सरांच्या समोर बसून पेपर लिहीत होते.

पेन वाजलं. सगळ्यांचे हात वर.

“मावशी, हात.”

“न्हाई.”

“अहो, खेळ आहे हा.”

“सर, ह्यात सूचक म्हणून जी बाई हाय ती मीच. असली सभा झालीच न्हाई. त्या दिवशी मी तुमच्यापुढं बसून पेपर लिहायले होते. हजेरी बघा तुमची.”

या वेळी कोणी हसलं नाही. अध्यक्षाचा हात अर्धा खाली आला. सरांनी कागद बघितला, मग मला बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“हे नाव तुमचं?”

तास सुटल्यावर केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. “ती झेरॉक्स परत द्या, मावशी. इंटर्नलचे मार्क माझ्या हातात असतात. या वयात वर्ष कशाला घालवता?”

“जाऊ द्या वर्ष.” झेरॉक्स पिशवीतच ठेवली. चेन ओढली.

सेलूला जाणाऱ्या गाडीत मी रडले. मिलसाठी नाही. वहीत मारलेल्या त्या रेघेसाठी. ज्याच्याकडं काटा काढून घ्यायला गेले, तो त्यानंच रुतवला होता, आणि मी त्याचंच म्हणणं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं.

घरी पुस्तक उघडलं. सरांनी सोडा म्हणून सांगितलेली पानं. सगळं तिथंच होतं. सभासदाला सभेची वही बघता येते. नक्कल मागता येते. एक तृतीयांश सभासदांनी लेखी मागितली तर सभा बोलवावीच लागते.

कंपनी लॉचा माझा विषय राहिला. मालक म्हणाले, “घ्या, साहेबानं हिशोब चुकता केला.” मी पुन्हा बसणार आहे.

आता कंपनी कायद्याचा तास मी घेते. मिलच्या बंद दारापुढं, पोत्यांवर बसून. हजेरी नावानं. पहिल्या दिवशी सोजरबाई म्हणाली, “येस सर म्हणू का?”

“हजर म्हण. आपल्या जागी दुसऱ्यांनी लय दिवस म्हटलं.”

सोडलेल्या पानांपासून सुरुवात केली. वही बघायचा अर्ज मॅनेजरनं घेतला नाही, तो रजिस्टर पोस्टानं गेला. सभेची मागणीही तशीच गेली. एक तृतीयांश लागतात. आमच्या सह्या निम्म्याहून जास्त. सह्यांत अंगठा एकही नाही.

सभा भरेल. सरांना यायचं तर यावं, सल्लागार म्हणून मागं बसावं. चहा कोण आणतं ते बघू. जुना ठराव रद्द करायचा ठराव येईल. त्याची सूचक मीच. आणि या वेळी मी सभेला हजर असेन.