दहा जणांची बाटली

"एक डोस? मॅडम, झोपेतून उठल्या का तुम्ही आत्ता?"

अकोल्याचा स्टॉकिस्ट फोनवर हसला. स्टॉकिस्ट म्हणजे कंपनीकडून माल उचलून आम्हा मेडिकलवाल्यांना पुरवणारा. नांदुऱ्यात माझं मेडिकल आहे, त्यामुळे या माणसाशी रोजच बोलणं होतं. एरवी त्याचं हसू मी चालवून घेते. त्या दिवशी काउंटरसमोर प्रल्हादभाऊ उभे होते, म्हणून माझं डोकं फिरलं.

"हसू नका. पेशंटसाठी पाहिजे. आहे की नाही तेवढं सांगा."

प्रल्हादभाऊ पिंपळगाव राजाकडचे भाजीवाले. स्वतःचा मळा, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, मेथी, वांगी. त्यांनी बायकोला, चंद्रकलाबाईंना, स्वतःची किडनी दिली होती. नवऱ्याला किडनी देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. बायकोला देणारा नवरा आमच्या भागात मी हा एकच पाहिला. दुसऱ्याची किडनी शरीर परकी समजून हाकलायला बघतं. ते होऊ नये म्हणून शरीराची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे साधा खोकलाही अशा माणसाला महागात पडतो. कोरोना पुन्हा थोडा थोडा दिसायला लागला तसं त्यांच्या नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, कोविडची लस.

पहिल्या दोन मी दिल्या. महाग होत्या, पण मिळाल्या. तिसरीने घोळ केला.

"सरकारी दवाखान्यात गेलतो मॅडम," प्रल्हादभाऊ म्हणाले. "ते म्हनते, आता येत नाही. काऊन येत नाही, ते त्यायलेबी मालूम नाही."

एके काळी याच लशीसाठी सरकारने मांडव घातले होते. नको म्हणणाऱ्याला घरातून बोलावून टोचली. आता जिला खरी गरज, तिच्यासाठी एक थेंब नव्हता. परदेशात म्हणे फ्लूसारखी दरवर्षी नवी लस निघते. आपल्याकडे जी मिळेल ती त्या हंगामाची.

स्टॉकिस्टने शोधून सांगितलं. कुठल्याशा खाजगी दवाखान्याने मागवलेल्या मालातली एक बाटली उरली होती. पण बाटली दहा डोसची. एकदा सुई घातली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. सुटा डोस मिळत नाही. पैसे अख्ख्या बाटलीचे, आणि माल परत घेणार नाही.

"मी भरतो पैसे," प्रल्हादभाऊ म्हणाले. त्या बाटलीत त्यांचा कोबीचा सगळा हंगाम गेला.

"मग बाकीचे नऊ डोस वाया घालवता? नऊ जण आणा. देवाची वस्तू आहे ती."

आता वाटतं, किती सहज बोलून गेले मी. फुकटची लस घ्यायला गावात माणूस तयार होईना. एक म्हणे, लस घेतली का हार्टचा झटका येते. दुसरा म्हणे, "कोरोना मेला नं बे प्रल्हाद. मेलेल्यासाठी काय सुई टोचून घेतं?" शेवटी भाऊंनी सावड काढली. आमच्याकडे शेतात सावड चालते, आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. ज्यांच्या ज्यांच्या सोंगणीला ते राबले होते, त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "तुह्या वावरात मी आलतो. आता माह्यासाठी दवाखान्यात चाल." अशी नऊ माणसं झाली. लशीवर विश्वास एकाचाही नव्हता. प्रल्हादवर होता.

एका बाटलीसाठी स्टॉकिस्ट माणूस पाठवेना, म्हणून भाऊ स्वतः रेल्वेने अकोल्याला गेले. मी बजावून पाठवलं होतं, डबा उघडायचा नाही. ही लस गरम झाली तरी मरते, गोठली तरी मरते. तिला फ्रीजच्या मधल्या खणाएवढाच गारवा लागतो. त्यांच्या कानात गरमचं तेवढं राहिलं. बाहेर वऱ्हाडातला मे महिना, दुसरं काय राहणार?

नांदुऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळे जमले. नऊ जण बाकावर, चंद्रकलाबाई दाराशी, तोंडाला मास्क. भाऊ स्टेशनवरून थेट आले. शर्ट घामाने चिंब, चेहरा मात्र लग्न जमवून आल्यासारखा.

"हात लावून पाहा मॅडम, कशी थंडगार आनली!"

मी डबा उघडला. आत कुटलेला बर्फ ठासून भरलेला. बोटाला लागलं ते चाखून पाहिलं. मीठ.

"भाऊ, हे काय केलं?"

"गाडी शेगावले खोळंबली न मॅडम. डबा हालवला तं आतून पानी वाजे. म्हनलं, बर्फ सरला, आता लस गेली. कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला. तो म्हने मीठ टाका, टिकते."

पाणी वाजणारच होतं! आइस पॅक मुद्दाम थोडे वितळवूनच भरतात, लस गोठू नये म्हणून. स्टॉकिस्टच्या माणसाने डबा अगदी बरोबर भरून दिला होता. कुल्फी जमते त्या मिठाच्या बर्फात लस जमून दगड झाली होती. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"वितळू द्या ना मंग," भाऊ म्हणाले.

"वितळेल. दिसायलाही तशीच दिसेल," डॉक्टर म्हणाले. "पण काम करणार नाही, भाऊ."

"टोचून तं पाहा! लागली तं लागली!"

"ज्याची मला खात्री नाही ते मी यांच्या अंगात घालणार नाही."

भाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, भाजीवाले आम्ही. आमचा माल उन्हानं मरते. थंडीनं मेलेला म्या पाह्यलाच नाही." आणि तो एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर मटकन खाली बसला. बाकावरून कोणीतरी हळूच विचारलं, "मंग जाऊ का आम्ही?"

चंद्रकलाबाई म्हणाल्या, "असे कसे जाता? दिवस मोडला तुमी माह्यासाठी. अहो, उठा, यायले चहा पाजा." मला तिथे रडू आलं. रागाने आलं, खोटं कशाला सांगू? राग भाऊंवर नव्हता. दहा जणांच्या मापाने लस बनवायची आणि गरज एकेकट्याला पडायची, त्या कारभारावर होता.

मी नाद सोडला नाही. स्टॉकिस्टकडे दुसरी बाटली नव्हती. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून उत्तर आलं, "नाव सांगून ठेवा, पुरेसे लोक झाले की फोन करू." तो फोन आलाच नाही. पुरेसे लोक झाले नसतील.

पोळ्याच्या आसपास चंद्रकलाबाईंना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. अकोल्याच्या दवाखान्यातून त्या जिवंत परत आल्या, पण किडनी गेली. लस मिळाली असती तर वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांचंही बरोबर आहे. औषधाच्या धंद्यात खात्री कोणी देऊ नये.

आता त्या डायलिसिसवर आहेत. मशीनने रक्त धुवायचं, आठवड्यातून कितीदा तरी, जन्मभर. परवा भाऊ दुकानात आले तेव्हा मी भीत भीतच विचारलं, "खर्चाचं कसं चाललंय?"

"काही नाही लागत मॅडम," ते म्हणाले. आवाजात उपकार मानल्याची भावना होती, तीच मला सोसवली नाही. "डायलिसिस सरकारकडून फुकट हाये. एकट्यालेबी करून देते. दहा जन नाही लागत."