काटा हिरव्यातच होता

सोसायटीच्या सभेत आग विझवायचा सिलिंडर विकायचा असेल तर सिलिंडरबद्दल बोलायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. फक्त विचारायचं, सगळ्यात वरच्या मजल्यावर कोण राहतं? कुणीतरी सांगतं, अमक्यांची आई राहते, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मग विचारायचं, धूर झाला तर त्यांना खाली आणायला किती वेळ लागेल? एवढं बोलून गप्प बसायचं. पुढचं काम ती शांतता करते. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे सौदे त्या शांततेत झाले.

मी बेलपाड्याचा. नव्या शहरासाठी जमीन गेली, पैसे आले तेव्हा आमच्या घरातल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, मी जुनी स्कूटर घेतली आणि पायांच्या मध्ये दोन लाल बाटल्या धरून खारघर ते नवीन पनवेल फिरायला लागलो. कुणाची ओळख नाही, इंग्रजी नाही, डोक्यात राग मात्र भरपूर. पण भाव करावा तर मी. समोरच्याने आकडा सांगितला की मी हसायचो आणि चपला घालायला लागायचो. तीनदा चपला घातल्या की आकडा माझा व्हायचा. आज माझ्या बाटल्या साठेक इमारतींत टांगलेल्या आहेत. कुठे आगीची बातमी टीव्हीवर आली की लोकांचा हात छातीवर जातो, माझा फोनवर जायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

नवीन पनवेलमधली एक सात मजली इमारत माझी पहिल्यापासूनची. ती नवी झाली तेव्हा तिथल्या सगळ्या बाटल्या मी कारखान्यातून कोऱ्या आणून लावल्या. पाचव्या मजल्यावर माझी ताई राहते. भावजींची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली, पलंगावरून खुर्चीत आणायलाच दोन माणसं लागतात. त्यामुळे त्या इमारतीचं काम मी जरा जास्तच आपलं मानायचो. सहा वर्षं दर वर्षी बाटल्या तपासल्या, आणि मधल्या काळात दोनदा सगळ्या खाली उतरवून आतली पावडर बदलून आणल्या. निदान तसं बिल लावलं.

गेल्या वर्षी तिथल्या चेअरमननी मला काढलं. चेअरमन कुवेतला तेलाच्या कंपनीत बावीस वर्षं काढून परत आलेले, सगळी इमारत त्यांना चाचा म्हणते. मोजकं बोलतात. मला म्हणाले, "भाई, या वर्षी दुसऱ्याला देऊन बघतो. तुमच्याशी भाव करून मी थकलो."

दुसरा म्हणजे कोट घातलेला एक तिशीचा मुलगा, बरोबर प्रोजेक्टर. त्याने भिंतीवर भूकंप दाखवले, ढगफुटी दाखवली, पुलावरून वाहून जाणाऱ्या गाड्या दाखवल्या. नंतर सिलिंडरचं काम घेतलंच, वर घराघरात एकेक आपत्कालीन पिशवी विकली. पिशवीत टॉर्च, शिट्टी, मास्क, दोरी आणि बिस्किटांचे दोन पुडे. पनवेलच्या बाजारात हे सगळं सुटं घेतलं तर तिसरा हिस्सा किंमत पडेल. आणि ती पिशवी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात भावजींच्या उशाशी खिळ्याला टांगलेली दिसली तेव्हा माझं डोकं फिरलं.

"ही दोरी कशाला गं? भावजी दोरीवरनं उतरनार हायेत का?"

"तू बाटल्या इकतोस तवा मी इचारलं का कदी, आग कवा लागनार म्हनून?" ताई म्हणाली. "बिस्किटं चांगली हायेत. भावजींना आवडली."

वर्षभर ते मनात ठेवलं. जिने मी चढायचे, बाटल्या खांद्यावरून मी न्यायच्या आणि एका प्रोजेक्टरवर सगळं जायचं. शेवटी वार्षिक सभेच्या आधी चाचांना जाऊन भेटलो. म्हटलं, सभेत प्रात्यक्षिक ठेवा. बाटली तुम्ही निवडा, विझवू दे त्यालाच. विझली तर मी परत या गेटमध्ये पाय ठेवणार नाही. चाचा ठीक म्हणाले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. मी पत्र्याचा ट्रे आणि डिझेल आणलं होतं. बाजूला वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. गाडीत स्वतःची एक बाटली होती, त्याच आठवड्यात थेट कारखान्यातून आणलेली. त्या पोराची फसली की माझी चालवून दाखवायची, असा बेत. चाचांनी वॉचमनला सांगितलं, "पाचव्या मजल्यावरची आण. लिफ्टजवळची." म्हणजे ताईच्या दारातली.

बाटली आली. कोटवाल्याचा नवा चकचकीत स्टिकर, तपासल्याची तारीख, सही. वरच्या घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात. काटा फक्त आतल्या गॅसचं सांगतो. पावडरचं काय झालंय ते बाटली उलटी करून कान लावला की कळतं. पावडर जिवंत असेल तर वाळू घसरल्यासारखा आवाज येतो. वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली तर ती बसून दगड होते आणि आवाज येत नाही. मी बाटली उलटी केली, कान लावला. आत काहीच हललं नाही.

त्या न आलेल्या आवाजाने मला किती आनंद झाला ते मी विसरू शकत नाही. बहिणीच्या दारातली बाटली मुकी होती आणि मी मनात पेढे वाटत होतो.

ट्रे पेटवला. काळा धूर वर छताला लागला, पुढच्या रांगेने खुर्च्या मागे ओढल्या. मी बाटली त्या पोराच्या हातात दिली. "तुझी आहे. विझव."

त्याने पिन काढली, दांडा दाबला. फुस्स झालं. पावडरीचा डबा उघडल्यावर उडावी तेवढी धूळ उडाली आणि थांबली. गॅस निघून गेला, आग तशीच. त्याने परत दाबलं, परत दाबलं. वॉचमनने वाळूच्या बादल्या ओतल्या तेव्हा कुठे ती बसली.

"सर, काटा तर हिरव्यात होता," तो म्हणाला.

मागून एक आजोबा म्हणाले, "मग आता काट्याला पाठव विझवायला." सगळे हसले. पण दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वर्षभर आम्ही याच्या भरवशावर झोपतोय?"

ते खरं माझं वाक्य होतं, मी पाठ करून आणलेलं. मला बोलावंच लागलं नाही.

मी बाटली हातात घेतली. अंगठ्याच्या नखाने त्याचा स्टिकर उचलला, आणि खाली माझाच जुना स्टिकर निघाला. "बघा. पुसायचेही कष्ट घेतले नाहीत." टाळ्या पडल्या. खिशातून पाना काढला, झडप खोलून आतला दगड लोकांना दाखवायचा होता. पाना गळ्याला लावला आणि हात थबकला.

झडप जिथे बाटलीवर आवळलेली असते तिथे कारखान्यात लाल रंगाची एक रेघ ओढतात, अर्धी झडपेवर, अर्धी बाटलीवर. बाटली एकदा जरी उघडली तरी ती रेघ तुटते, परत जुळत नाही. इथली रेघ अखंड होती. सुतासारखी सरळ.

म्हणजे या बाटलीत त्या पोराने हात घातला नव्हता. आणि त्याच्या आधी मीही नाही. मी कोरी आणून टांगली त्या दिवसापासून ती कुणीच उघडली नव्हती. दोनदा पावडर बदलल्याचं बिल मी लावलं होतं, खाली सही माझी होती.

हे डोक्यात येईपर्यंत किती वेळ गेला माहीत नाही, बहुतेक एक श्वास. लोक बघत होते. मी पाना फिरवला. रेघ तुटली, लाल रंगाचे दोन कण बोटावर आले. आतला दगड लोकांना दाखवला, स्क्रूड्रायव्हरने टोचून दाखवला. हात वर करून ठराव झाला, काम परत माझ्याकडे. पोराने प्रोजेक्टर उचलला आणि माझ्याकडे न बघता गेला. मी जिंकलो होतो.

गाडीत बसून मी माझ्या रिफिलिंगवाल्याला फोन लावला. तळोज्याच्या बाजूला त्याची शेड आहे, साठ इमारतींच्या बाटल्या मी त्याच्याकडेच पाठवतो. शिव्यांनीच सुरुवात केली. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या.

"झालं? आता माझं ऐका शेठ," तो म्हणाला. "तुम्ही तीनदा गाडीत जाऊन बसलात, तीनदा परत आलात. आठवतं ना? तो भाव ठरला तेव्हा मी हसलो होतो. त्या भावात पुसून स्टिकर लावून मिळतो. पावडर येत नाही."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही भाव विचारलात. काम कुठे विचारलंत? आणि पावडरची गोणी केवढ्याला येते, हे तुम्हाला मी सांगायचं?"

मी फोन ठेवला. गोणीचा भाव मला पाठ होता. एका गोणीत किती बाटल्या भरतात तेही. शाळा अर्धी सोडलेला माणूस मी, पण भागाकार मला कधी चुकला नाही. हा भागाकार मी केलाच नव्हता. त्याला पिळून घरी आलो त्या दिवशी बायकोला म्हटलं होतं, असा भाव पनवेलमध्ये कुणाला मिळणार नाही. आणि खरंच मिळाला नसता. तो भाव नव्हताच.

जिन्याने वर गेलो. प्रत्येक मजल्यावर बाटली खिळ्यावरून काढायची, उलटी करायची, कान लावायचा. पहिला मजला मुका. दुसरा मुका. चौथ्यावर मी बाटलीवर थाप मारली, बहिऱ्या माणसाला हाक मारावी तशी. काही नाही. प्रत्येक काटा हिरव्यात.

पाचव्या मजल्यावर मी माझी गाडीतली चांगली बाटली घेऊन पोचलो. दारातला रिकामा खिळा बघत ताई उभी होती. ती सभेला पुढेच बसली होती.

"जिकलास ना? मंग त्वांड का असं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. आत भावजी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते, त्यांना बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं. ताई ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, आमच्या घरात तसंच चालतं.

"सात वर्सं?" ती म्हणाली.

"सात."

"आनि मी तुज्या भावजींना सांगायची, आपल्या दारात आपल्या भावाचा सिलिंडर हाय."

मी चांगली बाटली खिळ्याला टांगायला लागलो. तिने हात धरला. "सगल्या बिल्डिंगीत चालनारी ही एकच हाय?"

"आज एकच. बाकीच्या भरून आणतो."

"आग सुरू कुटं होते रं? तुला म्हायती असंल."

"बहुतेक खाली. मीटरच्या खोलीत."

"मंग तितं टांग. इतं धूर आला का मी यांना उचलनार हाय का? तितंच थांबली पायजे."

वीस वर्षं मी लोकांना विचारत आलो की वरच्या मजल्यावर कोण राहतं. आग कुठे लागते, हे विचारणारी पहिली माझी बहीण. मी तो प्रश्न विचारत नसे, कारण त्याच्या उत्तराने सात मजल्यांवर सात बाटल्या खपत नाहीत.

खाली मीटरच्या खोलीपाशी चाचा उभे होते. त्यांच्या हातात ती उघडलेली बाटली होती, आणि अंगठा गळ्यावर, तुटलेल्या रेघेवर. मी काही बोलायच्या आधी ते म्हणाले, "रेघ मी पाहिली होती, भाई. कुवेतला हेच माझं काम होतं."

"मग सभेत का बोलला नाहीत?"

"तुम्ही पाना थांबवता का, ते बघत होतो."

मी थांबवला नव्हता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी बाटली टांगली. चाचांनी ती परत काढली, उलटी केली, स्वतःच्या कानाला लावली आणि मग टांगली. माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात असं कुणी माझ्यासमोर केलं नव्हतं, आणि मला राग आला. त्या परिस्थितीतही आला, माझा स्वभावच तो.

"ठराव रद्द करा," मी म्हटलं.

"करतोच आहे. आणि सभेला कारण सांगायचं आहे, ते तुम्ही सांगायचं." मग त्यांनी विचारलं, "अशा किती इमारती?"

"साठेक."

"शाळा?"

मी मान हलवली. दोन.

 चाचा म्हणाले, "आधी तिथे जा." त्यांनी भाव विचारला नाही, मीही सांगितला नाही. तसाच पहिल्या शाळेत गेलो. तिथला शिपाई जवळच राहतो, त्याच्याकडून किल्ली घेतली. रविवारची रिकामी शाळा. बालवाडीच्या वर्गाबाहेर माझी बाटली टांगलेली, वर माझाच फोन नंबर, काटा हिरव्यात. ती उतरवून उलटी केली आणि कान लावला. शिपाई जवळ येऊन म्हणाला, "काय ऐकताय शेठ?"

मी बाटली त्याच्या कानाला लावली.

"कायच नाय येत," तो म्हणाला.