खळीची खरवड

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, माफ करावं. चौथीनंतर पाटी सुटली. अक्षरही वाकडं येतं. कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय मरायचं नाही.

"हात मागे घे. तोंडानं खा."

शेठ म्हणाला. समोर खळीचं पातेलं, तळाला करपलेली खरवड. खोक्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बाया भोवती उभ्या. मी हात मागे घेतले.

धुळ्यातला तो कारखाना म्हणजे जुनं जीन. कापसाचं काम बंद पडलं, शेठनं इमारत घेतली आणि जोड्यांची, साड्यांची पुठ्ठ्याची खोकी सुरू केली. आढ्याला अजून कापूस लोंबायचा. माझी आई याच जिनात राबली. तोच कापूस तिच्या छातीत बसला. ती घरी खोकत पडली आणि त्याच आढ्याखाली बसून मी पुठ्ठे चिकटवू लागले.

खळ मैद्याची. सकाळी मीच शिजवायची. संध्याकाळी उरलेली खरवड मोरीत टाकायची, असा हुकूम. स्वातंत्र्य आलं होतं, पण रेशनवर किडका मिलो, परदेशची लाल ज्वारी, तोही पुरत नसे. मी खरवड डब्यात भरून घरी न्यायची, मीठ घालून आईला पाजायची. "आज लापशी चांगली झाली," ती म्हणायची. मी डबा विसळून ठेवायची.

एके दिवशी मुकादमानं डबा पकडला आणि मला शेठसमोर त्या पातेल्यापुढे उभं केलं.

शेजारी बसणारी काशीअक्का कुजबुजली, "खाई ले, माय. नही ते काम जाई."

मी खाल्लं. वाकून, कुत्र्यासारखं. खळ नाकात गेली. शेठ म्हणाला, "पोट भरलं हिचं. आज मजुरी कशाला?" काही बाया हसल्या. त्यांनाही काम हवं होतं.

दुसऱ्या सकाळी मुकादमानं माझ्या हातात पुडी दिली. निळे खडे. मोरचूद. विषच ते.

"खळीत टाक. मग बघू कोण खातं."

पातेल्याशी काशीअक्काची रांगती पोर बसली होती. रोजच्यासारखं तिनं कडेच्या खळीत बोट घातलं, चोखलं.

मी कधी कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. पुडी नेऊन शेठच्या टेबलावर ठेवली.

"मी हाई टाकाव नही. आठे लेकरू शे."

"काय म्हणालीस?"

पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. इथे लेकरू आहे, मी हे टाकणार नाही.

"मग खाल्लेल्या मैद्याचे पैसे टाक आणि चालती हो."

मुकादमानं पुडी काशीअक्कापुढे धरली. तिनं पोरीला पोटाशी घेतलं, मान हलवली. पुढच्या बाईनंही हात लावला नाही. कुणी हसलं नाही.

मी बाहेर पडले. मैद्याचे पैसे जमवायला विटा वाहिल्या, शेंगा फोडल्या. आई त्यातच गेली. शेवटी तिच्या घशाखाली पाणीही उतरेना. काम नसतं सोडलं तर? हा प्रश्न आजही छातीवर बसतो. बाया म्हणाल्या, आता कशाला देतेस त्याला? पण तो मैदा माझ्या पोटात दगडासारखा होता.

एका दुपारी मी कारखान्याच्या मोठ्या दारानं आत गेले. त्या दारानं बायांना बंदी होती. सगळे पैसे टेबलावर ओतले.

"राहू दे," शेठ म्हणाला. "मी विसरलोसुद्धा."

"मी नाही. मोजून घ्या."

तो मोजत होता. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून उभी राहिले. ते आता कुणासाठी मागे जाणार नाहीत.

"पैसे पुरे झाले," शेठ म्हणाला.