सोड्यात टाकलेलं टॅपेट कव्हर

आई गेल्यावर बाबा कांदिवलीला आमच्याकडे राहायला आले ते गाडीसकट. गाडी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिच्या पार्किंगवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा भांडणं झाली आणि दोन्ही वेळा मीच भांडले. मला गाडीचं काडीचं प्रेम नाही. पण गेल्या वर्षापासून बाबांना विसरायला होतं, आणि बॉनेट उघडलं की मात्र सगळं आठवतं. कुठला नट, कुठला पाना, किती फेरे. तेवढ्या जागेत त्यांचा स्वतःवर पूर्ण भरवसा असायचा. तो शाबूत राहावा, एवढंच मला हवं होतं.

घरात इतर ठिकाणी मी बिनदिक्कत खोटं बोलत होते. गॅस चालू राहिला की म्हणायचे, मीच विसरले. चावी फ्रीजमध्ये सापडली, तरी मीच ठेवली. बाबा माझ्याकडे नुसते बघत. लहानपणी त्यांचा आवाज चढला की मी पलंगाखाली शिरायचे. आता ते गप्प राहिले की मी उगीच ओट्याकडे पळते.

दसऱ्याला गाडीची पूजा, आणि त्याआधी इंजिन लख्ख, हा त्यांचा नेम. या वर्षी त्यांनी इंजिनावरचं ॲल्युमिनियमचं झाकण काढून वर घरी आणलं. टॅपेट कव्हर म्हणतात त्याला. तेलाने आणि उष्णतेने ते चहाच्या जुन्या गाळणीसारखं पिवळट तपकिरी झालं होतं. बाबांची रीत ठरलेली. आधी डिझेल आणि जुना टूथब्रश, मग चिंचेचं पाणी, मग तेलात भिजवलेली बारीक तारेची घासणी, एकाच दिशेने, रोज अर्धा तास. "घाई केलीस की वाट लागली," मला दम भरून झाला होता. चार दिवसांत तळहाताएवढा भाग उजळला. दसरा तीन दिवसांवर आला तसे त्यांचे हात थरथरायला लागले. आता होणार नाही बहुतेक, असं ते जेवताना म्हणाले. मला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बागेत फेरी मारायला गेल्यावर मी पदर खोचला. करपलेलं स्टीलचं पातेलं मी धुण्याच्या सोड्यात उकळते, पाच मिनिटांत स्वच्छ होतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा दाखवायचा नाही, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. पण हे भांडं कुठे होतं? आग सोसणारी इंजिनाची वस्तू, तिला सोड्याचं काय, असं माझं शहाणपण. ड्राय बाल्कनीत बालदीभर उकळतं पाणी घेतलं, चार मुठी सोडा टाकला. वर मोरी तुंबली की टाकतात ती पावडर, चमचाभर. आणि कव्हर आत सोडलं.

पाणी फसफसायला लागलं. मळ सुटतोय म्हणून मी खूश होऊन चहा टाकायला गेले. परत आले तर वाफेने घसा धरला. चिमट्याने कव्हर बाहेर काढलं. तव्याच्या बुडासारखं काळं.

लिंबू घासलं, चिंच घासली. काळं माझ्या हातांना लागत होतं आणि खालून राखाडी, खरखरीत, बारीक खड्डे पडलेला पत्रा वर येत होता. बाबांनी उजळलेला तळहाताएवढा भाग कुठला ते ओळखूही येईना. मी पन्नाशीची बाई, पण पलंगाखाली शिरावंसं वाटत होतं. ते ओरडणार, एवढीच भीती होती. तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं.

बाबा बाल्कनीच्या दारात येऊन थांबले. कव्हर हातात घेतलं, खड्ड्यांवरून अंगठा फिरवला.

"सोड्यात टाकलं का गं मी हे?" त्यांनी हळूच विचारलं.

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या गोष्टीला घाबरत होते.

"नाही बाबा, मी टाकलं. आत्ता, तुम्ही बागेत होतात तेव्हा."

त्यांनी माझे काळे हात पाहिले. "तू निस्तरायला बसलीस, ते दिसतंय ना मला. टाकलं मीच असणार."

"आईशप्पथ बाबा, मी टाकलं! त्या पातेल्यासारखं वाटलं मला. अक्कल नव्हती."

"तू नेहमी असंच म्हणतेस."

"या वेळी खरं आहे हो! ओरडा ना माझ्यावर."

मी खरोखर वाट पाहत होते. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं त्यांनी ओरडावं, बालदी लाथाडावी, मला गाढव म्हणावं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असा हात त्यांनी मला आयुष्यात कधी लावला नव्हता, आणि माझ्या अंगावर भीतीने काटा आला.

कव्हर त्यांनी जपून फडक्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं.

"एक कर," ते म्हणाले. "यापुढे मला एकट्याला बॉनेट उघडू देऊ नकोस."