चतुराबाईचा दुसरा डोस

आरतीच्या फोनवर मेसेज आला तेव्हा तिची सासू चतुराबाई नुकत्याच तोडलेल्या विड्याच्या पानांवर पाणी शिंपडत बसली होती. अभिनंदन, तुमचा लसीचा दुसरा डोस पूर्ण झाला आहे. खाली चतुराबाईचं नाव, वय साठ, आणि आजचीच तारीख. आरतीने वाचून दाखवलं आणि सासूच्या दंडाकडे पाहिलं.

"आई, तुमी कवा गेल्ता टोचाले?"

"मी सकायपासून तुह्या डोयासमोर बसली हाव. मंग टोचलं कोणाले?"

तासाभरात गल्लीतल्या दहाबारा फोनांवर तसाच मेसेज आला. कुणी हसलं, कुणी म्हणालं, चला, बला टळली. चतुराबाई मात्र हातातला तांब्या आपटून उठली.

अंजनगाव सुर्जीजवळच्या त्या गावात तिचा राग सगळ्यांना माहीत होता. हलकी पानं खाली दडवून चांगल्याचा भाव मागणाऱ्या शेजाऱ्यालाही ती बाजारात सगळ्यांसमोर सुनावायची. पण हा राग वेगळा होता, आणि त्याला नऊ महिने झाले होते.

मार्चमध्ये गावच्या शाळेत लसीकरण होतं. तिचा नवरा देवीदास धुतलेला सदरा घालून, आधार कार्ड खिशात टाकून निघाला होता. नेमका त्या दिवशी पानाचा तोडा होता. तोडा तीन दिवस चालतो. सकाळी खुडलेलं पान ओल्या फडक्यात बांधून संध्याकाळच्या गाडीत चढलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही. म्हणून तोड्याच्या दिवशी पानमळ्यातला माणूस लग्नालाही जात नाही. चतुराबाईनेच त्याला दारातून परत आणलं होतं.

"तोडा झाल्यावर जा. सुई काय पयून चालली का?"

तोडा झाला तेव्हा लस संपली होती. पुढची लस यायच्या आत देवीदास अमरावतीच्या दवाखान्यात गेला आणि तिकडेच गेला. मनोजने, तिच्या मुलाने, बापाला लांबून पाहिलं. चतुराबाईला तेवढंही पाहायला मिळालं नाही.

ऑगस्टमध्ये ती एकटी तालुक्याला जाऊन चार तास रांगेत उभी राहिली आणि पहिला डोस घेऊन आली. गल्लीतल्या बाया म्हणत होत्या, सुईनं ताप येते, हातपाय गळतात, अमक्याचा सासरा तर आठ दिवसांत गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. टोचणाऱ्या सिस्टरला तिने फक्त एक विचारलं.

"मार्चात घेतली असती तर माहा मानूस वाचला असता का?"

"सांगता येत नाही, मावशी," सिस्टर म्हणाली.

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'सांगता येत नाही' हे घेऊन माणसाने घरी काय करायचं? दुसरा डोस तरी चुकवायचा नाही, एवढं तिने ठरवलं होतं. आणि आता फोन सांगत होता की तो झालाही.

ती सरळ गोवर्धनच्या घरी गेली. गोवर्धन ग्रामपंचायतीचा सदस्य. रेशनचं काम असो की कुठल्या योजनेचं, अख्खी गल्ली आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा त्याच्याकडे द्यायची आणि तो काम करून आणायचा. कशासाठी दिला ते कुणी विचारत नसे. गठ्ठा गेला म्हणजे काम झालं. या वेळचा लसीचा दिवसही तोड्यातच आला, म्हणून गल्लीने सवयीने गठ्ठा दिला होता. आपले नंबर तेवढे लागतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. चतुराबाईनेही दिला होता.

गोवर्धन अंगणात एका फ्लेक्सची घडी उलगडून पाहत होता. शंभर टक्के लसीकरण झालेले गाव.

"ये काकू, बस. काम झालं ना? रांग नाई, ताप नाई, सर्टिफिकेट घरपोच."

"कोरोना मले होते का कागदाले होते रे?"

"आता कावून भडकून राहिली? तुमीच तर गठ्ठा देल्ला."

"नंबर लावाले देल्ला. टोचल्याची गवाही द्याले नाई देल्ला."

"सर्टिफिकेट हाय तं कोणी अडवत नाई, काकू. बाजारात बस, बसनं फिर."

"अन् दवाखान्यात? तिथं काय हा फ्लेक्स नाकाले लावतीन?"

तिथून ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेली. आकांक्षा सिस्टर नोकरीवर नवीन, जेमतेम पंचविशीची. चतुराबाईला पाहताच तिने खुर्ची पुढे सरकवली. चतुराबाई बसली नाही.

"पोरी, माह्या नावाची सुई कुठं हाय?"

आकांक्षा म्हणाली, "वरून दिवसाला तीन-तीन फोन येत होते, मावशी. किती टक्के झालं, किती राहिले. गोवर्धनभाऊंनी गठ्ठा आणून दिला, म्हणाले, लोक तोडा झाल्यावर येऊन जातील. मी नोंद आधी करून टाकली."

"अन् आमी आलोच नाई तं?"

आकांक्षाने फ्रीज उघडून दाखवला. ज्यांच्या नावाने नोंद झाली होती त्यांच्या लसीच्या बाटल्या आत तशाच होत्या.

"ह्याचं काय करणार होती? गटारात टाकणार होती?"

"मावशी, मला तरी झोप लागते का?" आकांक्षा म्हणाली.

"मले काय सांगते? मी नऊ महिने झोपली नाई. फोड बाटली."

"एका बाटलीत दहा जणांची लस असते. फोडली की चार तासांत संपवावी लागते. एकटीसाठी कशी फोडू?"

"उद्या मयात ये. दहा दंड मी देतो."

दुसऱ्या दिवशी आकांक्षा बर्फाचा डबा घेऊन पानमळ्याच्या फाटकाशी आली. चतुराबाईने तिला चपला बाहेर काढायला लावल्या. आत वेलींना आधार दिलेल्या शेवरीच्या झाडांच्या सावलीत, रांगांमधून माणसं पान खुडत होती. डबा पाहून हात थांबले, पण पुढे कुणी आलं नाही.

"फोनवर झालं म्हणते तं आता कायले?" शेजारची वच्छला म्हणाली. "ताप आला तं उद्याचा तोडा कोण करीन? तू?"

"हो, मी करीन. वच्छले, मयात येतानी चप्पल कुठं ठेवली?"

"बाहीर. देवाची जागा हाय."

"देवाची तं हायच. पन माहा सासरा सांगे, दुसऱ्याच्या मयातला मर रोग पायाच्या मातीनं येते. एक वेल मान टाकते, आठ दिवसांत रांग जाते. ते मर तुले डोयानं दिसली का कवा? नाई ना? तरी चप्पल काढते. अन् आपलीच वेल वाचवाले नाई काढत, बाजूच्याचीबी वाचवाले काढते. हे सुई तशीच हाय. तुह्या घरी नातू हाय का नाई?"

वच्छला खाली वाकून पान खुडू लागली.

"माहा मानूस मी थांबवला. ह्याच तोड्यासाठी. पान गाडीत चढलं, तो चढला दुसऱ्या गाडीत. अजून कोणाले थांबवाचं असंन तं थांबवा. मी तं नाई थांबवत."

मग म्हातारा बुधाजी पुढे आला. "टोच वो बाई. हे चतुराबाई मले टोचल्याबिगर जेवू नाई देनार." कुणीतरी हसलं. वच्छला पदर खोचत आली. मनोज, आरती, असे करत चतुराबाईसकट नऊ जण तयार झाले. दहावा भेटेना.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. गोवर्धन होता.

"सिस्टर, हे काय चाललं? झालेल्यायले डबल टोचून राहिले म्हणून बोंब झाली तं नोकरी जाईन तुमची!"

"चप्पल काढ," चतुराबाई म्हणाली. "अन् सांग, तुले टोचली?"

"माह्या फोनवर..."

"फोन नाई. दंड."

गोवर्धन इकडेतिकडे पाहू लागला. बुधाजीने त्याच्या बाहीला हात घातला. "भेव लागते का भाऊ?"

"भेव कायचं... लहानपनापासून सुई पाह्यली की मले घाम येते."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चतुराबाई हसली नाही. "पाहू नोको. तिकडं वेलाकडं पाह्य."

आकांक्षाने बाटली फोडली. सर्वांत आधी चतुराबाईने दंड पुढे केला. सुई शिरताना तिने डोळे मिटले नाहीत. दहावा गोवर्धन. त्याला खरंच घाम आला, आणि तो बांधावर बसूनच राहिला. थोड्या वेळाने ओशाळून म्हणाला, "गेला का राग आता, काकू?"

"नाई."

"आता तं खरी टोचली!"

"मले टोचली. बाकीच्यायले कोण टोचीन?" ती दंड चोळत उठली. "उद्या पंचायतीत जाय अन् राहिलेल्या सगळ्यायचे नाव वाचून दाखव. तू नाई वाचले तं मी वाचतो. मले वाचता येत नाई, म्हणून तोंडपाठ अन् मोठ्यानं बोलतो."