चार मिनिटांत न मावलेली कविता

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या शाळेत पाचवीच्या पोरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मुकुंदवाडीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवते, राहते पुंडलिकनगरात. थंडीच्या तोंडावर आंतरशालेय काव्यवाचन स्पर्धा जवळ आली, की घरात नवरा आणि शाळेत पोरं, सगळे माझ्यापासून चार हात लांब असतात. स्पर्धा म्हटली की माझ्या अंगात येतं. त्याला कारण आहे, ते आधीच सांगून टाकते. मी गंगापूर तालुक्यातल्या खेड्यातली. आठवीत असताना पहिल्यांदा शहरात कविता म्हणायला आले. परीक्षकांनी विचारलं, "पाठ आहे ना गं?" मी म्हणाले, "व्हय जी." सगळं सभागृह हसलं. मी अशी गांगरले की पहिलंच कडवं दोनदा म्हटलं आणि खाली येऊन बसले. परतीच्या एस.टी.त आमच्या गुरुजींनी मला शेंगदाणे दिले, पण एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय, की माझ्या पोरांवर हसायला कुणाला जागाच ठेवायची नाही.

म्हणून मी नियम घोटून घेते. चार मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला पहिली घंटा, चौथ्याला दुसरी, आणि दुसरी वाजली की शब्द तोंडात असला तरी गिळायचा आणि नमस्कार करून उतरायचं. एकही ओळ पुन्हा म्हणायची नाही, कारण परीक्षक ती विसरल्याची खूण धरतात आणि पाठांतराचे गुण कापतात. हे मी पोरांना इतक्यांदा सांगते, की झोपेतून उठवलं तरी सांगतील.

गेल्या वर्षी मी नववीतली एक मुलगी निवडली. बारीक चणीची, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. घरी दखनी बोलणारी, शाळेत मराठी, आणि दोन्हींची खिचडी करून मला म्हणायची, "मॅडम, मेरेकू जमंल का?" मी म्हणायचे, "जमंल का म्हणजे? जमवायचं!" तिचा आवाज काही मोठा नव्हता. पण ती ओळ म्हणायची तेव्हा ती ओळ आत्ता, याच क्षणी तिला सुचतेय असं वाटायचं. हे शिकवून येत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पोर मला एखाददुसरंच भेटलं असेल.

कविता दुष्काळातल्या एका बाईची होती. ती विहिरीवर जाते, घागर सोडते, आणि दोर हातभर तोकडा पडतो. पाणी दिसतंय, पण घागर पोचत नाही. मग ती अंगावरच्या एकुलत्या लुगड्याचा काठ फाडते आणि दोराला गाठ मारून जोडते. शेवटच्या कडव्यात पुढं काय होतं ते येतं. मी मोबाईल लावून बसायचे. तीन मिनिटं चाळीस सेकंद. रोज मधल्या सुट्टीत, रोज तेवढीच.

एक दिवस सराव संपल्यावर ती दप्तर घेऊन दारातच घुटमळली. म्हटलं, "आता काय?"

"मॅडम, नानांना बोलवाल का स्पर्धेला?"

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. ती त्यांच्याच घरात लहानाची मोठी झालेली. म्हातारे शेरवानी शिवणारे टेलर, आणि शायरीचं असं वेड, की मुशायरा कुठंही असो, जेवण सोडून जातील. तिला मांडीवर घेऊन त्यांनी शेर ऐकवले होते. पण मराठी? ते म्हणायचे, मराठी पोटापाण्याची, शायरी उर्दूची. मुलीच्या आईनं तिला मराठी शाळेत घातलं तेव्हा ते काही बोलले नव्हते. पण घरी ती कविता म्हणायला लागली की ते उठून मशीनवर बसायचे आणि मशीन चालू करायचे.

"एकदा पण पुरी ऐकली नाय त्यांनी," ती म्हणाली. "नंबर नाय आला तरी चालंल मॅडम. पण त्यांनी ऐकायला पायजे."

"नंबर नाय आला तरी चालंल, हे माझ्यासमोर बोलायचं नाही," मी डाफरले. पण संध्याकाळी स्कूटी घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले.

दुकान कसलं, रस्त्याच्या कडेची एक खोली. नानांच्या गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मला पाहून त्यांनी टाचण्या काढल्या आणि स्टूल पुसून दिलं. मी आमंत्रण दिलं. ते म्हणाले, "मॅडम, हमारेकू काय कळणार त्यातलं?"

"चाचा, तुम्ही बाजारात मराठीत भाव करता, कोर्टात मराठीत तारीख घेता. मग कविताच कशी कळत नाही तुम्हाला?"

ते हसले. म्हणाले, "हौ, येतो. आप आये, तो ना कैसे बोलनेका?" निघताना मी त्यांना वेळ सांगितली, हॉल सांगितला, मोबाईल बंद ठेवा म्हणून बजावलं. मला वाटलं, झालं, सगळं सांगून झालं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला. आमच्या या स्पर्धांमध्ये प्रेक्षक कसे बसतात, तुम्हाला माहीत असेलच. हाताची घडी, तोंडावर बोट. कविता चालू असताना हूं की चूं नाही, शेवटी एकदा टाळ्या. कुणी मध्ये खोकलं तरी आम्ही शिक्षक वळून बघतो. नाना शेवटच्या रांगेत बसले होते, पांढरी टोपी, इस्त्रीचा कुर्ता. मी पुढच्या रांगेतून त्यांना हात केला.

तिचा क्रमांक सतरावा होता. ती चढली, माईक थोडा खाली केला आणि सुरू झाली. पहिल्या दोन कडव्यांतच मला कळलं की आज हिचा दिवस आहे. डाव्या बाजूच्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, आलं, पहिलं बक्षीस आलं! मग ती त्या ओळीवर आली. दोर तोकडा पडतो, बाई एकदा आभाळाकडं बघते, आणि लुगड्याचा काठ फाडते.

हॉल नेहमीसारखा गप्प. आणि मागून भरदार आवाज आला, "वाह! मुकर्रर!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुशायऱ्यात ओळ काळजाला भिडली की ऐकणारे म्हणतात, मुकर्रर, म्हणजे पुन्हा म्हणा. आणि शायर ती पुन्हा म्हणतो. न म्हणणं ही बेअदबी.

सगळा हॉल मागं वळला. मी तर अर्धी उठलेच. मुलीकडं बघून मानेनं नाही नाही केलं, ओठांनी म्हटलं, पुढं, पुढं! तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून मागं पाहिलं. आणि ती ओळ पुन्हा म्हटली.

"क्या बात है! मुकर्रर!"

तिनं तिसऱ्यांदा म्हटली. आणि चौथ्यांदाही, कारण म्हाताऱ्यानं आणखी एकदा मागितली. दर वेळी थोडी वेगळी, थोडी हळू. इमानदारीनं सांगते, चौथ्या वेळी माझ्या अंगावर काटा आला. पण मी घड्याळ बघत होते. पहिली घंटा झाली. ती पुढं सरकली, गाठ मारण्याच्या कडव्यापर्यंत आली, आणि दुसरी घंटा झाली. शेवटचं कडवं राहिलं. तिनं तोंड मिटलं, नमस्कार केला आणि उतरली. शिकवल्याप्रमाणं.

निकाल तीन तास उशिरा लागला. नाना तोवर दुकानाकडं गेले होते, कुणाची तरी शेरवानी संध्याकाळी द्यायची होती. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ, कशातच तिचं नाव नव्हतं. मी गुणपत्रक मागून घेतलं. शेरा होता, "ओळी विसरते. वेळेचे भान नाही." माझं डोकं असं फिरलं! परीक्षकांवर नाही, म्हाताऱ्यावर. मी तिला म्हटलं, "थांब, उद्या जाऊन तुझ्या नानांना चांगलं सुनावते."

तिनं माझा हात धरला. मुली माझा हात धरत नाहीत, घाबरतात. म्हणाली, "नको मॅडम. त्यांना नका सांगू ना. मी म्हणते, माझंच चुकलं."

मी कबूल केलं. पण राग गिळला नाही. दोन दिवस घरात भांडी आपटत होते. नवरा म्हणाला, कविता कुणाची, राग कुणावर आणि आदळआपट आमच्या भांड्यांची.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला शिपायानं सांगितलं, मॅडम, कुणी चाचा आलेत. नाना शिक्षकखोलीच्या दाराशी चप्पल काढून उभे. खोलीत मी एकटीच होते. त्यांनी "मॅडम, जरा..." एवढंच म्हटलं आणि माझा बांध फुटला.

"चाचा, तुमच्यामुळं पोरीचा नंबर गेला! माहितीये? आमच्यात ओळ परत म्हटली की विसरली धरतात. गुण गेले, वेळ गेला, शेवटचं कडवं गेलं. दोन महिने घासून घेतलंय मी तिच्याकडून! एकदा म्हणालात, ठीक. तीनदा?"

ते स्टुलावर बसले. टोपी सारखी केली. मग हळू म्हणाले, "मॅडम, तिनं इतनी बडी बात कही, आणि दोनशे लोक गप्प. कुणी हूं नाही, वाह नाही. आमच्यात शायर पडला, त्याचा शेर कुणाला आवडला नाही, की असं गप्प बसतात. मला वाटलं, माझ्या पोरीची बेइज्जती चाललीय. म्हटलं, कुणी नाही तर मी देतो दाद. म्हणून परत परत मागितली."

मी त्या मुलीला सगळं शिकवलं होतं. आणि ज्याला आयुष्यात पहिल्यांदा असल्या हॉलमध्ये बसवलं, त्याला इथं गप्प बसतात आणि ते गप्प बसणंच ऐकणं असतं, एवढं सांगायचं मला सुचलं नव्हतं. मोबाईल बंद ठेवा, एवढं मात्र मी बजावलं होतं! स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "चाचा, चुकलं माझं. मला असं बोलायला नको होतं. तुम्ही बोला, कशासाठी आला होता?"

ते जरा लाजले. दाराकडं बघून घेतलं. म्हणाले, "हसू नका मॅडम. घरी पोरीला विचारायची हिंमत होईना, ती दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणून इकडं आलो. लिहिणाऱ्याला कपडा कळतो. कापडात काठच मजबूत असतो, पन्ना, मधलं कापड, कुठं पण फाटंल. पण जुन्या लुगड्याचा काठ, त्याला भरलेल्या घागरीचं वजन... मशीनवर बसलं की तेच डोक्यात येतंय. तो काठ टिकला का मॅडम? का तुटला?"

मी तिला बोलवायला शिपायाला नववीच्या वर्गावर पाठवलं.

ती आली. नानांना बघून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी सांगितलं. आणि मी सांगितलं होतंच. मी म्हटलं, "घाबरू नको. कविता म्हण, पहिल्यापासून. शेवटपर्यंत." वह्यांच्या कपाटाला टेकून ती उभी राहिली आणि म्हणाली. काठ फाडायची ओळ आली तसे नानांनी ओठ घट्ट मिटले, टोपी हातात घेऊन मुठीत धरली. ती पुढं गेली. शेवटच्या कडव्यात काठ टिकतो. घागर वर येते. बाई घरी निघते, पण गाठ सोडत नाही, काठ दोरालाच ठेवते, मागून येणाऱ्या बाईसाठी.

नाना डोळे पुसत होते. मराठी कवितेला, शिक्षकखोलीत, आम्हा दोघींच्या देखत रडायला त्यांना काही वाटलं नाही. मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "बेटा, नंबर माझ्यामुळं गेला. तुला माहीत नव्हतं, परत म्हटलं की गुण जातात?"

"माहीत होतं."

"मग पहिल्यांदाच थांबायचं ना, बेटा."

तिनं खाली बघितलं. म्हणाली, "नाना, तुम्ही मागत होता. आणि मी नाय म्हणू?"

माझा पुढचा तास होता. मी तो घेतला नाही.