निरोपाच्या पुऱ्या

पुऱ्या तळल्याचा वास आला की मला मंठ्याची आमची शाळा आठवते आणि आजही राग येतो. दहावीच्या निरोप समारंभाला आम्ही मुलीच स्वयंपाक करत होतो. मी कणीक मळत होते, तेवढ्यात वर्गातली सुरेखा म्हणाली, "बौद्धवाड्यातल्या पोरीच्या हातचं आम्ही न्हाई खाणार."

बाई धावत आल्या आणि मलाच हळूच म्हणाल्या, "वाद नको, बेटा. तू पत्रावळ्या मांड."

शेजारी लाटत बसलेल्या नसरीननं लाटणं खाली ठेवलं. "मंग माझ्या हातचं तरी कसं चालंल, बाई?"

बाईंनी पत्रावळ्यांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला. आम्ही दोघी उपाशीच घरी गेलो.

सुरेखा पोरच होती, घरात ऐकलं ते बोलली. पण अस्पृश्यता हा गुन्हा आहे, हे नागरिकशास्त्राच्या तासाला आम्हाला बाईंनीच शिकवलं होतं. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.